अर्लीनच्या ओठावरचा मणी

मी एक जुना मणी आहे, मित्रांनो. रंगाने लाल, आकाराने मोहरीएवढा. सांडलो तर मला शोधायला चष्मा लावून रांगावे लागते. पण हसू नका. मी नदी झालो आहे, जाळ झालो आहे, आणि एक वर्ष एका बाईचे हसूही झालो होतो.

कुठल्या भट्टीत जन्मलो ते आठवत नाही. जहाजातून न्यू ऑर्लिन्सला आलो आणि अल्सीद त्रेपान्ये यांच्या घरी कॉफीच्या रिकाम्या डब्यात पडलो. अल्सीद भिंतींना गिलावा करायचे, पण गल्लीत त्यांना सगळे चीफ म्हणत, कारण कार्निव्हलच्या सणाला मिरवणाऱ्या टोळीचे ते म्होरके. त्यांचे पणजोबा गुलामीतून पळाले, तेव्हा दलदलीतल्या आदिवासींनी त्यांना आसरा दिला होता. अशा उपकारांची आठवण म्हणून कार्निव्हलच्या सकाळी कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या टोळ्या आदिवासींसारखे पिसांचे आणि मण्यांनी चित्रे भरलेले पेहराव घालून निघतात. शहराच्या बड्या मिरवणुकीत त्यांना कोणी जागा दिली नव्हती. मग कुढत बसण्यापेक्षा आपलीच गल्ली गाजवावी, असा त्यांचा खाक्या.

यात एक कडक नियम आहे. एका वर्षाचा पेहराव दुसऱ्या वर्षी घालायचा नाही. सण सरला की तो उसवायचा, मणी डब्यात टाकायचे आणि पहिल्या टाक्यापासून नवा शिवायचा. उसवण्याचे काम चीफच्या बायकोचे, अर्लीनचे. सोमवारी चुलीवर राजमा रटरटत असे आणि ती मांडीवर कापड घेऊन कात्री चालवत असे. मला तिचा फार राग येई. नदी होऊन जरा वाहू लागलो की हिने डब्यात टाकलेच म्हणून समजा. एका जागी बूड टेकू देईल तर शपथ. चीफही कधी हळहळत. त्यावर तिचे उत्तर ठरलेले, "उसवलं नाही, तर शिवशील कशातून?"

मग अर्लीन गेली. त्या वर्षी चीफनी पेहरावाच्या छातीवरच्या मोठ्या तुकड्यावर मण्यांनी तिचाच चेहरा शिवला. मी तिच्या खालच्या ओठावर बसलो. कार्निव्हलच्या सकाळी लोक रस्त्यात थबकले, बायकांनी डोळे पुसले. मला वाटले, आता बस्स, इथून हलायचे नाही.

माझी इच्छा पुरी झाली आणि तिथेच सगळे बिनसले. सण सरला, पण चीफनी पेहराव खुंटीवरून काढलाच नाही. उन्हाळा गेला, वादळांचे दिवस गेले. इतर घरांत सुया चालत होत्या, आमच्याकडे चीफ खुर्ची ओढून माझ्यासमोर नुसते बसत. एका संग्रहालयाच्या बाई येऊन गेल्या. काचेत ठेवू, म्हणाल्या, एक मणीही हलणार नाही. चीफनी नाही म्हटले नाही. नवा पेहराव झाला नाही, तर टोळी चीफविना निघणार आणि चाळीस वर्षांचा मान जाणार, हे त्यांना ठाऊक होते.

पलीकडच्या टोळीचे म्हातारे चीफ ओनेसिम दारावरून जाताना मुद्दाम थांबत. "काय चीफ, यंदा पायरीवर बसूनच बघणार वाटतं? का शिळंच वाढणार आम्हाला?" एरवी चीफ उत्तर उधार ठेवत नसत. आता ते दार लोटून घेत. ओठावर बसून माझा जीव घुसमटायला लागला.

एका सोमवारी त्यांची मुलगी व्हेल्मा आली. तिने राजमा चढवला, पेहराव मांडीवर घेतला आणि कात्री उचलली. चीफ ताडकन उठले.

"तिला हात लावू नकोस, व्हेल्मा."

"ही ममा नाही, डॅडी. ममा असती, तर हा अजून टांगलेला राहिला असता का?"

चीफ खाली बसले. राजमा करपायला लागला, तरी कोणी उठेना. मग त्यांनी तिच्या हातातून कात्री घेतली आणि पहिला टाका स्वतः कापला. तो माझा होता. चीफ रडत होते, आणि डब्यात पडता पडता मण्याला जमेल तेवढा मीही रडलो.

त्यानंतर त्या घराला उसंत नव्हती. चीफना सुईचे नेढे दिसेना, म्हणून व्हेल्मा सुया ओवून देई. अर्लीनच्या केसांतले काळे मणी दलदलीचे पाणी झाले, गालांचे तपकिरी मणी पणजोबांचे पाय झाले. मी पलीकडच्या काठावरच्या आदिवासींच्या शेकोटीतली ठिणगी झालो.

कार्निव्हलच्या सकाळी भर चौकात दोन्ही चीफ समोरासमोर आले; अशा वेळी ज्याचा पेहराव देखणा, त्याची जीत. ओनेसिमनी पेहराव पुढून पाहिला, मागून पाहिला. या वेळी त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

"अर्लीन दिसत नाही कुठे."

चीफनी दोन्ही हात पसरले, पिसे उलगडली. "नीट बघ. जिथे जिथे सुई गेलीय, तिथे तीच आहे."

ओनेसिमनी पिसांचा मुकुट झुकवला. "आज तूच देखणा, चीफ."

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाची आठवण म्हणून काही जपून ठेवलेले असेल. त्यावरची धूळ जरूर झटका, पण आम्हाला नुसते बघत बसू नका, कामाला लावा. आता सण पुन्हा सरला आहे. व्हेल्माने राजमा भिजत घातला आहे आणि चीफ चष्मा शोधत आहेत. कात्री टेबलावरच आहे. मला अजूनही भीती वाटते, पण या वेळीही पहिला टाका माझाच कापावा, एवढे त्यांना कोणीतरी सांगा.