ग्रुपबाहेरचा भाऊ

दादाच्या नातीला जुळी झाली, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मी कुटुंबाबाहेर पडलो. म्हणजे फोनवरच्या कुटुंबाबाहेर. साठी उलटल्यावर अक्षरं शिकलेला मी. बाळांच्या फोटोखाली 'गोड' लिहायला गेलो, भलतंच बटण दाबलं आणि ग्रुपमधून निघालो.

आमचं शिंपीकाम. दादा टेबलावर कापड बेततो, समोर मी मशीनवर शिवतो. मधे दोन हात अंतर. दुसऱ्या दिवशी त्याने कापलेल्या बाह्या न बोलता माझ्यापुढे टाकल्या. दुपारी त्याच्या सुनेचा निरोप आला: 'बाबा म्हणतात, घरात आनंदाची बातमी आणि तुम्ही निघून गेलात. ग्रुपवर माफी मागा.'

मी फोन लावला. "सूनबाई, मग आत घे मला."

"माफी मागितल्याशिवाय घेऊ नको म्हणालेत."

"आत आल्याशिवाय ग्रुपवर माफी मागू कशी?"

"विचारून सांगते, काका."

ती अजून विचारतेच आहे. समजूत घालायला सगळे धावले, पण फोनवरूनच. भाच्याने रडणारे पिवळे चेहरे पाठवले. आठ महिने दादाला कात्री हवी झाली की तो सुनेला फोन करायचा, सून मला करायची आणि मी हात लांबवून कात्री द्यायचो. पोरं म्हणायची, म्हातारे किती सुधारले.

ऑक्टोबरात मी मापाच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीने माफी लिहिली आणि त्याच्या कापडाला टाचली. दादाने चिठ्ठी उलटसुलट केली.

"वाच," तो म्हणाला.

"तूच वाच."

"आकड्यांपलीकडे मला कधी वाचता आलंय?"

नवा शहाणा मी, हेच विसरलो होतो. मी वाचलं, "दादा, चूक बोटाची. तुला सोडून मी कुठे जाणार?"

"एवढंच? मग आठ महिने तोंड शिवलं होतंस का?"

"तू बेतलंस, मी शिवलं."

तो खोकला येईपर्यंत हसला. मग सुनेला फोन केला, "घे त्याला आत."

"ॲडमिन आता तुमचा मुलगा आहे, बाबा. विचारून सांगते."

दादाने फोन रिळांच्या खणात टाकला. "राहू दे. कात्री दे."

पुढे ग्रुपवर त्रेसष्ट जोडलेले हात आले म्हणतात. घरी आलेली माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरली. मला आत घेतलेलं नव्हतं. मी त्याच्या उशाशी होतो. दादा त्याच वर्षी, नऊ डिसेंबरला सकाळी गेला.