वासिलचे धावते समालोचन

"म्हणजे मी संघाच्या जवळ राहायला आलो, म्हणून मला त्याचा सामना दिसणार नाही?" ओमेर सेगँ फोनवर विचारत होता.

"बरोबर, सर. ही वर्गणी लांबच्या प्रेक्षकांसाठी आहे. तुमच्या भागात सामने दाखवायचा हक्क तिथल्या केबल वाहिनीचा असतो," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"आणि मी लांब गेलो तर?"

"तर दिसेल, सर."

"लांबच होतो, बाई. सगळा जन्म लांब होतो."

त्या मुलीने आभार मानून फोन ठेवला.

ओमेरने उभी हयात सडबरीत लोकांच्या तळघरांतल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करण्यात घालवली. ते गाव टोरंटोच्या संघाच्या बाजूचे. तिथे माँट्रियलच्या बर्फावरच्या हॉकी संघावर जीव टाकणारा ओमेर म्हणजे सबंध गल्लीची करमणूक. टॅब्लेटवर तो संघाचा एकेक सामना बघायचा. मार्चअखेर त्याची बायको ऑदेत गेली आणि शरद ऋतूत घर विकून तो कॉर्नवॉलला, बहिणीकडे, राहायला आला. का आलास विचारले की म्हणायचा, "इथून माँट्रियल तासाभरावर आहे." आणि आता टॅब्लेटच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे होती: हा सामना आपल्या भागात उपलब्ध नाही.

बहीण जिझेलने केबल घेतलेली नव्हती. "पैसे मोजून लोकांचा आरडाओरडा ऐकायचा?" तिने विचारले.

कोपऱ्यावरच्या बारमध्ये सामना लागायचा. ओमेर गेला, पण तिथे झाडून सगळे माँट्रियलचेच. जो तो त्याच्या बोलण्याला मान डोलवायचा. अर्ध्यातच तो घरी आला. रेडिओवर समालोचन असायचे, पण रेडिओ काही उलटून बोलत नाही.

शेवटी त्याने सडबरीच्या शेजाऱ्याला, वासिल हॅलिचला फोन लावला. वासिल कट्टर टोरंटोवाला. दोघांच्या घरांमध्ये एकच गाडीरस्ता होता आणि दर हिवाळ्यात त्यावरचा बर्फ उपसताना दोघे हॉकीवरून भांडायचे. ओमेरचे सामान ट्रकमध्ये चढवायला वासिल दिवसभर राबला होता आणि निघताना एवढेच म्हणाला होता, "सुटलो बाबा."

"माझं खातं तुझ्याकडे चालू करून देतो," ओमेर म्हणाला. "सडबरीत दिसतं. तू बघायचं आणि मला सांगायचं."

"माँट्रियलचा सामना? माझ्या घरात?"

"पडदे ओढून घे."

वासिलने कुरकुर केली, पण पुढच्या सामन्याला फोन आला. त्याचे समालोचन ऐकण्यासारखे असे.

"चकती आत गेली," तो नाखुशीने सांगायचा.

"कुणाची?"

"तुमची. कुणाच्या तरी पायाला लागून गेली. मी तरी धरला नसता हा गोल."

"तू पंच आहेस का? पुढं सांग."

"थांब, सूप उतू जातंय."

सूप उतरवून वासिल परत येईपर्यंत आणखी दोन गोल झालेले असायचे आणि ते कुणी मारले यावर दोघांची जुंपायची. भिंतीपलीकडे जिझेल उशीत डोके खुपसून बसायची. अख्खा हिवाळा तिने हे सोसले आणि मार्चमध्ये गुपचूप केबल जोडून घेतली.

"हे घे," रविवारी दुपारी रिमोट त्याच्या हातात देत ती म्हणाली. "आता त्या बिचाऱ्याचा पिच्छा सोड." आणि ती बिंगो खेळायला निघून गेली.

टीव्हीवर दोन्ही संघ बर्फावर उतरले. बफेलोच्या संघाशी सामना होता. तेवढ्यात फोन वाजला.

"जेवलास का?" वासिलने विचारले.

सबंध हिवाळ्यात त्याने हे कधी विचारले नव्हते. ऑदेतला जाऊन त्या दिवशी वर्ष झाले होते. ओमेर सकाळपासून कुणाशी त्याबद्दल बोललेला नव्हता.

"जेवलो. वासिल, ऐक, माझ्याकडे आता—"

"गप्प बस, सुरू झालं."

ओमेरने टीव्हीचा आवाज बंद केला. सांगू मध्यंतरात, असे त्याने ठरवले.

मध्यंतरापर्यंत माँट्रियलवर चार गोल चढले होते. एकही फेडलेला नव्हता.

"काय चाललंय?" त्याने विचारले.

"बरे खेळतायत," वासिल म्हणाला. "दोन-एक. एकाचाच फरक आहे."

ओमेर पडद्याकडे बघत राहिला. टीव्हीचे सांगायचे राहूनच गेले. खेळ पुन्हा सुरू झाला आणि पाचवा गोल बसला. माँट्रियलचा गोलरक्षक मान खाली घालून बाहेर निघाला.

मग वासिलने घसा खाकरला. "गोल. तुमचा. बरोबरी झाली."

"कुणी मारला?"

एवढी तयारी वासिलने केलेली नव्हती. "तो... तुमचा नवा पोरगा नाही का, त्यानं."

नवा पोरगा पडद्यावर बाकावर बसला होता, तोंडावर टॉवेल घेऊन.

"कसा मारला?"

"डावीकडून आला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि वरच्या कोपऱ्यात. सुंदर मारला, ओमेर. खोटं कशाला बोलू?"

पडद्यावर प्रेक्षक कोट चढवून पायऱ्या उतरू लागले होते. ओमेरने टीव्ही बंद केला, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि फोन दुसऱ्या कानाला धरला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "सावकाश सांग."