वायरींचा राब

"काकी, पाला कशाला गोळा करतीस? ह्यो माल हाय की जाळायला!" हनुमंतानं टेम्पोतून सहावं पोतं भाताच्या खाचरात लोटलं.

पोत्यातून वायरींची भेंडोळी बाहेर आली. काहींना अजून कॉम्प्युटरचे प्लग लटकत होते. हिंजवडीच्या ऑफिसांत दर दोन-तीन वर्षांनी कॉम्प्युटर बदलतात, जुने उरवड्याच्या एका भंगारवाल्याकडे येतात, आणि अनसूयेचा हा पुतण्या तिथंच कामाला. गोदामापाशी वायरी जाळल्या की शेजारी ओरडतात. इथं रिहे गावच्या खाचरात ओरडणार कोण?

अनसूया घुटमळली. भाताची रोपं करायची जागा पेरणीआधी भाजून घ्यायची, त्याला इकडे राब म्हणतात. शेण, त्यावर फांद्या, पाला, वरून माती. फांद्या तोडून आणायचं काम तिचा नवरा बहिरू करायचा. त्याला जाऊन वर्ष झालं होतं आणि फांद्यांसाठी डोंगर चढणं तिच्या गुडघ्यांना जमत नव्हतं.

"राख ती राखच न्हवं?" तिनं विचारलं.

"मग! तांबं मी नेतो, राख तुला."

'व्हय' म्हणाली. चाळीस वर्षं राब भाजलेल्या बाईची मती त्या दुपारी कुठं गेली होती, देव जाणे.

धूर काळा आणि चिकट निघाला. मध्येच ज्वाळा हिरव्या झाल्या. पलीकडे बांधावर बहिरू उभा आहे, असं तिला वाटलं. ती घाबरली, पण आग विझवायला उठली नाही.

त्याच राखेत तिनं कणगीतलं आंबेमोहराचं बी पेरलं, होतं नव्हतं तेवढं सगळं. सासूनं तिच्या ओटीत घातलेलं हे बी. "उपाशी ऱ्हा, पर ह्याला हात लावू नगंस," म्हातारीनं बजावलं होतं. तेव्हापासून या घरात बी विकत आलं नव्हतं.

पाऊस होऊन पंधरा दिवस झाले. शेजारचे राब हिरवेगार झाले, तिचा काळाच राहिला. हनुमंत आला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"काकी, इकत रोपं आणतो. तू काळजी करू नगं."

"आणशील रं. पर भात शिजताना घरभर वास सुटायचा, त्यो कुटनं आणशील?"

तिच्या लुगड्याला अजून वायरींचाच वास येत होता, तीनदा धुऊनही.

तो गेल्यावर ती सवयीनं राबापाशी जाऊन बसली. पावसानं माती धुतली होती आणि दाणे उघडे पडले होते. चाळीस वर्षं याच जागी बसून तिनं पाखरांना ढेकळं मारली, शिव्या घातल्या. आज होले विजेच्या तारेवर ओळीनं बसले होते, गप्प.

"या रं," ती हळूच म्हणाली. "न्हाई मारत मी. खावा."

ती दिवस मावळेपर्यंत बसून राहिली. एकही होला खाली उतरला नाही.