डॉक्टर नेरेइदांची ओळ

मी एक जुनी पाटी आहे, आणि खरं सांगायचं तर आता थकले आहे. आमच्या बेटावरच्या पोन्से शहरातल्या विद्यापीठात, समुपदेशन मानसशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात मी टांगलेली असते. महोगनीची चौकट, पुढे काच, आत काळी मखमल आणि तिच्या खोबणींत रोवलेली पांढरी अक्षरं. प्राध्यापकाचं नाव, आणि नावापुढे तो कशाचा शोध घेतो त्याची ओळ.

मित्रांनो, इथे संशोधनाला येणारी मुलं आधी माझ्यासमोर उभी राहतात. मनातला प्रश्न कोणाच्या ओळीशी जुळतो ते बघतात. जुळला, तर ते प्राध्यापक त्यांचे मार्गदर्शक. नाही जुळला, तर प्रवेश नाही. केसितो, म्हणजे चीज भरलेली गोड पेस्ट्री, खाऊन चिकट झालेली बोटं माझ्या काचेवर फिरत. "अगं, हा तर माझाच विषय!" असं कोणी ओरडलं की मला घडवणाऱ्या सुताराच्या हातांचं सार्थक झालं असं मला वाटे.

सगळ्यात जास्त बोटं डॉक्टर नेरेइदा किन्योनेस यांच्या ओळीवर थांबत. ती ओळ होती, 'मागे राहिलेल्यांचं दुःख'. मोठ्या वादळानंतर डॉक्टर नेरेइदा डोंगरातल्या घराघरांत जाऊन बसल्या होत्या. फार बोलायच्या नाहीत, ऐकायच्या. मग एका उन्हाळ्यात त्या आजारी पडल्या आणि परतल्या नाहीत.

कचेरी सांभाळणाऱ्या लुसिलाबाई माझ्या काचेची किल्ली घेऊन आल्या. "नाव काढू का?"

परीक्षेच्या भीतीवर संशोधन करणारे डॉक्टर विल्फ्रेदो हे नेरेइदांचे जुने सहकारी. ते म्हणाले, "घाई नको. दुःखाला ज्याचा त्याचा वेळ द्यावा लागतो."

"कोणाच्या दुःखाला, सर? तुमच्या?"

"तुम्हाला असं का वाटलं?"

"झालं! तुम्हा लोकांना काही विचारावं, तर प्रश्नच परत हातात," असं म्हणत बाई निघून गेल्या.

बाकीचे प्राध्यापकही तसेच. एकमेकांना मऊ आवाजात "कशी आहेस?" विचारत, पण रडत कोणीच नसे. नाव तसंच राहिलं. काचेवर धूळ बसली, अक्षरं पिवळी पडली. गेलेल्या माणसाला हाका मारत उभं राहिल्यासारखं मला होई.

मग प्रवेशाच्या दिवसांत उतुआदोच्या डोंगरातून यामारिस नावाची मुलगी आली. वादळानंतर वीज नव्हती, तेव्हा तिची आई गेली. वडील अजूनही आईच्या ताटलीत भात वाढतात, आणि तिला ते बघवत नाही, थांबवताही येत नाही. हाच तिचा प्रश्न होता. तिने बाहीने काच पुसली, ती ओळ वाचली आणि हसली.

"मला डॉक्टर नेरेइदांना भेटायचंय. अर्जात मी दुसऱ्या कोणाचं नावच घातलं नाही."

विल्फ्रेदो कॉफीचा पेला घेऊन तिथेच उभे होते. "त्या मागच्या वर्षी वारल्या, पोरी."

"पण इथे नाव आहे की!"

"आहे. आम्ही काढलं नाही."

"का?"

या वेळी त्यांनी उलट प्रश्न केला नाही. "माझ्याच्यानं होईना," म्हणाले, आणि व्हरांड्यात सगळ्यांदेखत रडले.

यामारिसने अर्जाची घडी करून पिशवीत ठेवली. मग हळूच म्हणाली, "मग आता मी परत जाऊ का, सर?"

त्यांनी लुसिलाबाईंकडून किल्ली मागून घेतली. नेरेइदांच्या नावाचं एकेक अक्षर उपटून खिशात ठेवलं. ओळीपाशी आले आणि थांबले. मग ती ओळ उचलून स्वतःच्या नावापुढे, 'परीक्षेची भीती' या ओळीखाली रोवू लागले.

"सर, हा तुमचा विषय आहे?"

"सकाळपर्यंत नव्हता. मला यातलं फारसं कळत नाही. आपण मिळून शिकू."

"अक्षरं वाकडी बसतायत."

"बसू देत गं. मला भीती वाटतेय."

"बघा," लुसिलाबाई म्हणाल्या, "आता कसं सरळ उत्तर आलं!"

मित्रांनो, गेलेल्या माणसाचं नाव माझ्यासारख्या पाटीवर सोपवून निघून जाऊ नका. आम्ही लाकडं. आम्हाला नाव धरून ठेवता येतं, माणूस नाही. जमेल तेव्हा ते नाव हळूच उतरवा, आणि त्याचं अर्धं राहिलेलं काम आपल्या नावापुढे लावा. जड जातं, मला ठाऊक आहे. विल्फ्रेदो सरांच्या नावापुढे आता दोन ओळी आहेत, आणि तेवढ्या जागी माझी मखमल थोडी सैल झाली आहे. चालेल.