मेलेल्या माणसाचं मीठ

मिस्सा संपल्यावर कोणी घरी गेलं नाही. राजाने गाऱ्हाणी मागवली होती आणि शहरातून आलेले नोटरी लेब्रय आमच्या चर्चच्या दाराशी टेबल मांडून बसले होते, शेजारी फादर उभे होते. प्रत्येक घरच्या कर्त्याने बोलायचं असं ठरलं होतं. नवरा उर्बँ गेल्यापासून आमच्या घरची कर्ती मीच, म्हणून मीही रांगेत उभी राहिले. उर्बँचं नाव त्या कागदावर चढवल्याशिवाय हलायचं नाही, एवढंच मनात होतं.

आमच्या आंजू प्रांतात कोणी हवं म्हणून मीठ घेत नाही. सरकारी कोठारातून वर्षाला माणशी सात पौंड घ्यावंच लागतं. तेही फक्त रश्शात आणि ताटात घालायचं. डुक्कर खारवायचं तर वेगळं मीठ आणि वेगळी पावती. गेल्या वर्षी आमचं मीठ उरलं होतं, तेच उर्बँने डुकराला चोळलं. मीठ आमचं आणि डुक्करही आमचंच. मिठाच्या शिपायांनी पिंप फोडलं, मांस चिखलात ओतलं आणि दंड भरता येईना म्हणून त्याला तुरुंगात नेलं. तिथेच तो तापाने गेला. आजही ते शिपाई दिसले की माझे हात शिवशिवतात.

"मीठ फार महाग आहे, असं लिहितो," नोटरी म्हणाले.

"महाग म्हटलं का मी? माझा नवरा खाल्ला त्यांनी, ते लिहा."

त्यांनी लिहिलं, शाई वाळायला वर वाळू भुरभुरवली.

"वाचून दाखवा."

"'उर्बँ गोहिए, विणकर, मिठापायी तुरुंगात मेला.' झालं समाधान?"

मला अक्षर येत नाही, पण माणूस कळतो. वाचताना त्यांची नजर कागदावर नव्हतीच.

"फादर, तुम्ही वाचा बरं."

फादर कानापर्यंत लाल झाले. "'मिठाच्या बाबतीत प्रजेची काहीशी गैरसोय होते.'"

"खोटं बोलायला चर्चचंच दार सापडलं का, साहेब?"

"बाई, अशा कागदात नावं घालत नाहीत," नोटरी चिडून म्हणाले. "मेलेल्याचं तर नाहीच नाही."

कोणत्या घराने किती जणांचं मीठ घ्यायचं, ती गावाची यादी सांभाळायची पाळी यंदा मासे नावाच्या पिंपं करणाऱ्याची होती. मी त्याला यादी घेऊन पुढे बोलावलं.

"भावोजी, यादीतलं आमचं घर वाचा."

"वहिनी, इथं कशाला?"

"वाचा म्हणते ना."

"जाकीन गोहिए. सासू, पेरीन गोहिए." तो अडखळला. "उर्बँ गोहिए. वहिनी, मी खोडायला गेलो होतो. कोठारवाला म्हणाला, माणसं मेली तरी गावाचं मीठ कमी होत नसतं."

मी नोटरीकडे वळले. "मीठ गळ्यात मारायला मेलेल्याचं नाव चालतं, आणि गाऱ्हाण्यात तेवढं चालत नाही?"

मासेने सहीसाठी घेतलेली लेखणी टेबलावर ठेवली. "त्याचं नाव येईपर्यंत माझी सही नाही." त्याच्या मागची रांग हळूहळू टेबलापासून दूर सरकली.

नोटरींनी लिहिलं. फादरनी दोनदा वाचलं. मग मी सहीच्या जागी फुली मारली.

कागद शहरात गेला. जिंकलीस गं, असं बायका सांगत होत्या. सोमवारी कोठारावर गेले, तेव्हा कारकुनाने यादीवर बोट ठेवलं आणि माझ्यापुढे मीठ मोजलं. तिघांचं.