अर्धलीचे ढालकिडे

मेंढपाळ घरातल्या हरणाबाईंनी डब्याचे भोके पाडलेले झाकण काढले आणि डबा चवळीच्या शेंड्याशी अलगद आडवा धरला. प्रथम काहीच हालले नाही. मग मावा खाणारा एक ढालकिडा काठावर आला. त्याच्या लाल पाठीवरचे काळे ठिपके सायंकाळच्या तिरप्या उन्हात लकाकले. त्याच्यामागून दुसरा, तिसरा, आणि पाहता पाहता तो शेंडा लाल मण्यांनी भरून गेला.

"जावा गं बायांनो, पोटभर चरा," हरणाबाई म्हणाल्या.

बांधावर उभे असलेले निवृत्त सुभेदार नाथाजी मिशीत हसले. परंतु त्या हसण्यात जीव नव्हता. त्यांच्या अर्ध्या एकर चवळीवर रस शोषणाऱ्या माव्याच्या किडीने काळा थर धरला होता. त्यांच्या सेंद्रिय शेतीच्या गटातल्या नऊ शेतकऱ्यांपैकी एकानेही रासायनिक औषध फवारले, तर नऊही जणांचे सेंद्रिय प्रमाणपत्र वर्षभरासाठी जाणार होते. एकमेकांची शेते तपासण्याची शिवारफेरी तीन आठवड्यांवर आली होती. आणि गोठ्यात, वैरणीच्या मागे, नाथाजींनी औषधाची एक बाटली ठेवलेली होती. तिची वार्ता त्यांच्या पत्नीलाही नव्हती.

"आक्का, ह्यांच्या बदल्यात काय द्यायचं?"

"अर्धलीनं दिल्यात. आमी मेंढी सांभाळाय देतो तशी. पिल्लं वाढली की निम्मी तुमची, निम्मी माझी."

"आन् मेली तर?"

"मेलेलं कोकरू मालकाला आणून दाखवायचं. रीत हाय आमच्यात. लपवायचं न्हाई."

नाथाजींच्या पत्नी मनुबाई पदर तोंडाशी धरून हसल्या. "आवं आक्का, ह्यांनी कवा कोंबडी सांभाळली न्हाई. तुमी आख्खा कळप दिलासा!"

तिसऱ्या दिवशी शेतात एकही लाल पाठ दिसेना. नाथाजींनी ओळीमागून ओळ पालथी घातली. "पलटण पळाली," एवढेच म्हणून ते घरी आले. सहाव्या दिवशी ते बराच वेळ वैरणीच्या आड होते. बाहेर आले तेव्हा कोरडेच हात पुन्हा पुन्हा विजारीला पुसत होते.

सातव्या दिवशी सकाळी त्यांनी चवळीचे पान उलटले आणि ते चपापले. काळी, लांबट, अंगभर काटे आणि पाठीवर नारिंगी डाग असलेली अळी सहा पायांवर लगबगीने चालली होती. पुढच्या पानावर तशाच चार होत्या.

"मने, नवा दुश्मन!" ते गरजले.

मनुबाई धावत येईपर्यंत सुभेदार ओळीत उतरले होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात एकेक अळी चिरडत, मोठ्याने गणती करीत, ते पुढे सरकत होते. इतक्या दिवसांची हतबलता जणू त्यांच्या बोटांतून निघून चालली होती. मनुबाईंनी हरणाबाईंना फोन लावला.

हरणाबाई आल्या तेव्हा एक ओळ संपली होती.

"एकशे साठ, आक्का!" नाथाजींनी पिवळी झालेली बोटे उंचावली.

हरणाबाईंनी दुसऱ्या ओळीतले एक पान हळूच वळवून नाथाजींच्या डोळ्यांसमोर धरले. अळीने जबड्यात मावा धरला होता. तो संपला, तशी ती पुढच्या माव्याकडे वळली, तोही संपला. तिच्या मागचे पान देव्हाऱ्यातल्या ताम्हनासारखे निर्मळ झाले होते.

नाथाजींचा हात खाली आला.

"ही... कुणाची?"

"आपलीच. आया उडून गेल्या, पर आंडी घालून गेल्या. लहानपणी आशीच कुरूप दिसत्यात."

नाथाजी आपल्या बोटांकडे पाहत होते.

"मी... एकशे साठ..."

"त्यी माझ्या वाट्याची धरा," हरणाबाई म्हणाल्या. मग त्यांचा स्वर एकदम उजळला. "आता म्होरं बघा की, सुभेदार! बाकीच्या समद्या वळी तशाच हायती! पान उलटा, लय मज्जा हाय!"

नाथाजींनी पान उलटले. पुढचे उलटले. मग ते गुडघ्यांवरच बसले आणि लहान मुलाच्या उतावळेपणाने हाका मारू लागले, "मने, हिकडं ये! ह्यी बघ, दोन एकदम खाती! आगं, भिंग आण!"

शिवारफेरीच्या दिवशी गटातल्या बाकीच्या आठही जणांनी चवळीचे शेंडे हातात घेऊन पाहिले आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजी हरणाबाईंच्या अंगणात येऊन उभे राहिले. त्यांच्या एका हातात तोच डबा होता.

"निम्मी आणल्यात. मोजून न्हाई; मोजू देत न्हाईत."

मग त्यांनी दुसरा हात पुढे केला आणि औषधाची बाटली ओट्यावर ठेवली.

"मेलेलं दाखवायचं, लपवायचं न्हाई, म्हणला हुता तुमी."

हरणाबाईंनी बाटली उजेडात धरली. बुचाचे सील तुटलेले होते. औषध मात्र गळ्यापर्यंत भरलेले होते. त्यांनी क्षणभर नाथाजींकडे पाहिले आणि बाटली खाली ठेवली. मग डबा उचलून कानाशी नेला. आतली बारीक खुडबुड ऐकता ऐकता त्यांचा चेहरा फुलत गेला.

"आवं, लय हायती की," त्या म्हणाल्या.