क्रेनचं आवतन

सेलूच्या रूपरावाच्या घरी पिढ्यानपिढ्या वांग्यांची शेती. सरळ ओळीसाठी दोरी धरल्याशिवाय तो रोप लावत नसे. दोरी सापडली नाही तर लावणी दुसऱ्या दिवशी. असा माणूस एक्याऐंशी साली वर्ध्याजवळच्या सळ्यांच्या कारखान्यात लागला आणि सुखी झाला. तिथं प्रत्येक कामाची पद्धत ठरलेली होती. वर्षभर ती नीट पाळली की नोकरी कायम.

क्रेनला ग्रीस लावायला त्याला क्रेन चालवणाऱ्या बापूरावांनी शिकवलं. तो दिवस नेमका पोळ्याच्या आदला. बैलाचा खांदा तूप-हळदीनं चोळताना म्हणतात तेच बापूराव गमतीनं क्रेनला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

रूपरावानं तेही पाठ केलं. ग्रीस दर शुक्रवारी, म्हणून आवतन दर शुक्रवारी, म्हणून शनिवारी क्रेनच्या केबिनीत पुरणपोळी. बायको भागीरथा म्हणाली, कायम होतपर्यंत घालू, मंग पाहू. बापूरावांनीही अडवलं नाही. क्रेनच्या वतीनं कोणीतरी खायला हवंच होतं.

पुरणाला मुंगळे आले. एकानं बापूरावांना नको तिथं चावा घेतला आणि सळ्यांचा भारा रिकाम्या गाडीवर आदळला. ड्रायव्हर वाचला, गाडी नाही. बापूरावांनी मॅनेजर प्रभाकररावांना सगळं खरं सांगितलं, फक्त खाणारा वगळून.

प्रभाकररावांनी रूपरावाला बोलावलं. कायम करायचा कागद सहीवाचून टेबलावर पडला होता. हे बंद करा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका, असं त्यांनी सांगितलं.

रूपरावाची ना नव्हती. फक्त आज शनिवार होता.

"कालच आवतन देल्लं साहेब. बलावलेल्या पाव्हण्याले मी कसा वापस धाडू? मोठ्या माणसानं सांगा लागते."

प्रभाकरराव तळेगावच्या शेतकऱ्याचं पोर. बोलावून उपाशी ठेवणं काय असतं ते त्यांना ठाऊक होतं. ते शिडी चढले, चपला काढल्या, क्रेनला हात जोडले.

"आता पोळ्यालेच जेवाले येजा. मधात नाई."

मग खाली उतरून सही केली. इतक्या मनानं क्रेन सांभाळणारा दुसरा कुठून आणणार?

पुढच्या शुक्रवारी भट्टी तापलेली, क्रेन उभी, आणि रूपराव ग्रीसचा डबा घेऊन मॅनेजरच्या दारात.

"काऊन थांबला?"

"तुमची वाट पाहून राह्यलो साहेब. दर शुक्रवारी वर येऊन नाई म्हणा लागते ना."

प्रभाकररावांनी त्याच्याकडं पाहिलं. माणूस आता कायम होता. ते उठले आणि शिडीकडं चालू लागले.